सोनं राहू दे, घोडे द्या!

ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करारच होता: बाकी सगळी लूट तुमची, घोडे तेवढे माझे! तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने हे लिहून ठेवलंय. एवढं काय होतं घोड्यांत? चला, हिशेबच करू.

पर्शियन इतिहासकार वस्साफने भाव दिलाय: एका घोड्याला २२० सोन्याचे दिनार. दिनार सव्वाचार ग्रॅमचा धरा. झालं ९३५ ग्रॅम सोनं! दहा ग्रॅमला फक्त लाख रुपये लावले, तरी एक घोडा साडेत्र्याण्णव लाखांचा. डोंबिवलीतला अख्खा फ्लॅट!

आणि असे घोडे समुद्रापलीकडून यायचे किती? खंबायत, तामिळ किनारा आणि आसपासची बंदरं मिळून वर्षाला १०,०००! घोड्याला आठ फूट धरून एकामागे एक उभे करा. पहिला ठाणे स्टेशनात; रांग कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण मागे टाकून थेट उल्हासनगरात! किंमत नऊ हजार कोटींच्या वर. प्यायला रोज तीन लाख लिटर पाणी, म्हणजे वीस फूट रुंदीची, पस्तीस फूट भरलेली विहीर एका दिवसात कोरडी!

ते यायचे तरी कसे? पर्शियन आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ बंदर ते ठाणे, रेल्वेने मुंबई-पुण्याच्या दहापट अंतर. १३२१च्या सुमारास ओडोरिक नावाच्या ख्रिस्ती साधूला याच वाटेने २८ दिवस लागले. त्या काळची जहाजं काथ्याने शिवलेली, लोखंडी खिळा एकही नाही! खाली माल, मालावर कातडी, कातड्यावर घोडे उभे. दिवसाला तीस लिटर म्हटलं तरी एकेका घोड्यामागे ८४० लिटर गोडं पाणी लागणार. मला तर त्या खलाशांचीच कमाल वाटते.

पण माल तसाच होता: अरबी घोडे! आजही १६० किलोमीटरच्या सहनशक्तीच्या शर्यतींत अरबी रक्ताचेच घोडे पुढे असतात. ठाणे-पुणे रेल्वेने १५८ किलोमीटर. हे अंतर एका दिवसात, स्वार पाठीवर घेऊन! देशावर याच रक्ताची स्थानिक तट्टांशी सांगड पडली आणि मराठ्यांच्या घोडदळाला भीमथडी घोडा मिळाला.

आता श्वास रोखा. १७०४ मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून एक घोडा, एकच, इंग्लंडला गेला: डार्ली अरेबियन. आज जगभरातल्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्यांतल्या नरांपैकी सुमारे ९५ टक्क्यांची बापाकडून बापाकडे जाणारी वंशरेषा त्याच्यापाशी पोचते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वीस नर धावत असतील, तर त्यातले एकोणीस त्या एका घोड्याचे!