मेंदूवरील आघात : खूण ओळखा, वेळ टिपा

मये हे डिचोली तालुक्यातील तळ्याचे व कुळागरांचे गाव. डिचोलीची बाजारपेठ येथून जवळ आहे. परंतु बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय मांडवीच्या पलीकडे आहे. हे अंतर तोडणे आपल्या हाती नाही. दुखणे ओळखण्यात जाणारा वेळ मात्र आपल्या हाती आहे.

समजा, दुकानात गल्ल्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातून वही गळून पडली आणि बोलणे बोबडे झाले. घरचे म्हणतात, "दमले आहेत, घटकाभर पडू द्या." कोणी चहा आणतो, कोणी तेल चोळतो. दुखत काहीच नसते, म्हणून घाई वाटत नाही. आणि येथेच घात होतो. त्यांना हसावयास सांगावे : तोंड एका बाजूस ओघळते काय? दोन्ही हात उचलावयास सांगावे : एक खाली घसरतो काय? साधे वाक्य म्हणावयास लावावे : शब्द अडखळतात काय? यांपैकी एकही खूण अकस्मात दिसली, तर तो अर्धांगवायू समजून तात्काळ १०८ क्रमांकास कळवावे. एकाएकी दृष्टी अंधारणे, तोल जाणे वा असह्य डोके दुखणे, हेही तसेच इशारे होत. लक्षणे दहा मिनिटांत नाहीशी झाली तरी स्वस्थ बसू नये. ती पुढील मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रक्तवाहिनी फुटली असेल, तर तेच औषध घातक ठरते. म्हणून आधी सीटी स्कॅन करावा लागतो. याच कारणास्तव घरी ॲस्पिरिन देऊ नये. गिळण्याची शक्ती मंदावलेली असल्याने पाणी वा चहाही पाजू नये.

डोक्यास लागलेल्या माराची रीत निराळी. माडावरून पडलेला पाडेली किंवा दुचाकीवरून घसरलेला मुलगा शुद्ध न हरपताही मेंदूस धक्का घेऊन उठतो. तो तेच तेच विचारतो, घेरी आल्यासारखे वाटते, घडलेले आठवत नाही. कधी तो चांगला बोलूचालू लागतो आणि काही तासांनी, आत रक्त साचल्याने, ढासळतो. वाढती डोकेदुखी, पुनःपुन्हा उलटी, झटके, लहानमोठ्या दिसणाऱ्या बाहुल्या, नाकाकानांतून पाण्यासारखा स्राव, हाक मारूनही जाग न येणे, यांपैकी काही दिसताच रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर लक्षणांची वाटही पाहू नये. मानेस इजा झाल्याची शंका असल्यास रुग्णास विनाकारण हलवू नये.

रुग्णालयात डॉक्टर प्रथम विचारतात, "शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले होते?" 'सकाळी केव्हातरी' या उत्तराने उपचाराची वाट अडते. व्यापारी माणूस पैशापैशाची नोंद ठेवतो. त्याच वहीच्या कोपऱ्यात ही एक वेळ आणि चालू औषधांची नावे लिहून ठेवावीत. पैशाची चूक पुढे दुरुस्त होते. गेलेली घटका मात्र परत जमेस धरता येत नाही.