पांढुर्ण्याहून न्यूयॉर्क किती दूर?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आल्या. तथापि विमानप्रवासाचे आपले दार पूर्वीप्रमाणे नागपूरच राहिले. संत्र्या-कापसाच्या उत्पन्नावर शिकलेली येथील काही मुले आज अमेरिकेत नोकरीस आहेत. ‘मुलगा किती दूर?’ असे विचारता ‘विमानाने एका दिवसाची वाट’ असे उत्तर सहज दिले जाते. हे उत्तर एकदा ताडून पाहणे अगत्याचे आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात हा मार्ग सरळ पश्चिमेकडे जात असावा असे वाटते. परंतु पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा, म्हणजे तो उत्तरेकडे झुकून सुमारे ६५ अक्षांशापर्यंत गेलेला दिसेल. सर्वांत जवळचा मार्ग तोच. ताशी ९०० किलोमीटर वेगाने त्यास १४ तास लागावेत; पण उंचावरील जोरकस पश्चिमी वारे जाताना विरोध करतात व येताना साथ देतात. त्यामुळे जाण्यास १६ तासांच्या आसपास आणि येण्यास त्याहून तास-दीड तास कमी लागतो. राजकारणही मार्ग लांबवते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला.

आता घराच्या उंबरठ्यापासून हिशेब करू. पांढुर्ण्याहून नागपूर विमानतळ दोन तास, तेथे थांबणे दोन तास, मुंबईपर्यंत दीड तास, मुंबईस थांबणे साडेचार तास, पुढे १६ तास आणि उतरल्यावर तपासणीचे दोन तास. थेट विमान मिळाले तरी एकूण २८ तास होतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्याहून साडेदहा तास मागे असते. म्हणून सोमवारी पहाटे सहाला निघालेला प्रवासी तेथे सोमवारीच रात्री साडेअकराला पोहोचतो. परतताना मात्र उलटे घडते. सोमवारी सायंकाळी सहाला तिकडून निघालेला मुलगा २७ तासांनी घरी येतो, तेव्हा येथे बुधवारची सकाळ उजाडलेली असते.

वाचकहो, या हिशेबाचे महत्त्व आजारपणात कळते. ‘उगाच काळजी नको’ म्हणून वडीलधारी मंडळी दुखणे दडवतात आणि प्रकृती हाताबाहेर गेल्यावर निरोप धाडतात. तिकीट व रजा तत्काळ मिळाली तरी हे २७ तास कोणासही टळत नाहीत, आणि अंत्यविधी मात्र इतका काळ थांबवणे घरच्यांस जड जाते. म्हणून डॉक्टरांनी गंभीर शब्द उच्चारताच मुलास कळवावे; यावे की न यावे हे त्यास ठरवू द्यावे. विमानाचा वेग वाढवणे आपल्या हाती नाही, निरोप वेळेवर देणे मात्र आहे.