शेड उभी राहते, फरशी खचते

कारखान्यासाठी स्वस्त मिळणारी जागा पुष्कळदा खाडीकाठची असते. ठाण्यापासून उरणपर्यंत अशा अनेक जागांवर वर मुरुमाचा भराव आणि खाली मऊ गाळ असतो. आपले कारखानदार बांधव पत्रा, लोखंड, सिमेंट यांचे भाव चार ठिकाणी विचारतात. जमिनीची चौकशी मात्र राहून जाते.

कंत्राटदार सांगतो, "खांब पाइलवर घेऊ, काळजी नको." पाइल गाळ ओलांडून कठीण थरापर्यंत जाते, त्यामुळे छप्पर सुरक्षित राहते हे खरे. पण यंत्रांचा व मालाचा भार फरशीवर असतो आणि फरशी भरावावर. काही वर्षांत खांब जागेवर राहतात, फरशी खाली जाते. यंत्रांची पातळी बिघडते, जमिनीतले नळ तुटतात. शिवाय खचणारी माती पाइललाही खाली ओढते. तो भार हिशेबात धरावा लागतो.

या खचण्याचे शास्त्र इस्तंबूलमध्ये आकाराला आले. तेथे १९१६ पासून शिकवणाऱ्या कार्ल तेर्झागी या अभियंत्याने १९२५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ओल्या चिकणमातीवर भार आला की आधी तो आतले पाणी झेलते. पाणी हळूहळू बाहेर पडते, तशी माती दबते. पाण्याच्या वाटेचे अंतर निम्मे केले तर लागणारा वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो.

उपाय याच नियमावर बेतलेला आहे. गाळात मीटर-दीड मीटरवर प्लास्टिकच्या निचरा-पट्ट्या उभ्या घालतात आणि पुढे येणाऱ्या भाराहून जास्त वजनाचा मातीचा ढीग वर रचतात. वर्षानुवर्षांचे खचणे काही महिन्यांत उरकते. मग ढीग काढून बांधकाम करतात. थांबायला वेळ नसेल तर खडीचे स्तंभ घालतात. भार फारच मोठा असेल तर फरशीही पाइलवर घेतात. खर्च अर्थातच वाढतो.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी कठीण थरापर्यंत बोअर घ्या. चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सें.मी.वरून टाकून, नळी ३० सें.मी. खाली जायला किती ठोके लागतात ते मोजतात. दोन-चार ठोक्यांतच गेली तर माती मऊ समजावी. अहवाल हाती आल्यावर अभियंत्याला विचारा: फरशी किती खचेल, किती काळात, आणि सगळीकडे सारखीच का? उत्तर लेखी घ्या. भागीदारीचा धंदा असेल तर जमीन सुधारण्याचा खर्च पहिल्याच करारात धरा. नंतर फरशी उचकटायची वेळ आली, तर काम बंद राहते आणि भागीदारही दुरावतात.