सुरतेहून पक्षी पाहायला

उधना-लिंबायतमधल्या मराठी घरांना तापी नवी नाही. खानदेशातून ही कुटुंबं सुरतेला आली ती याच नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या भुसावळच्या रेल्वेने. पक्षी पाहायलाही तापीचाच माग धरावा. पश्चिमेला खंभातच्या आखाताचा चिखल, पूर्वेला डांगचा साग. हे दोन्ही टोकांचे अधिवास इतक्या जवळ लाभलेली शहरं थोडी आहेत.

डुमसला भरतीची वेळ पाहूनच जा. ओहोटीला पाणी फार आत जातं आणि पक्षी दुर्बिणीतही ठिपके दिसतात. भरती चढू लागली की तुतवार, चिखले, कुरव किनाऱ्याकडे सरकतात. तासाभराचा हा काळ हिवाळ्यात चुकवू नये. जवळच गवियरचं तळं आहे. नेचर क्लब सुरत या संस्थेने ते जपलं, म्हणून विमानतळाच्या शेजारीही तिथे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या नांदतात. तापीवर सिंगणपोरच्या कॉजवेने भरतीचं खारं पाणी अडवलं आहे. त्याच्या वर गोडं पाणी, म्हणून पक्षीही वेगळे.

पुढे मांडवी. या गावाचं नाव पक्षिशास्त्रात एका खोट्या नोंदीमुळे राहिलं आहे. रानपिंगळा हे मध्य भारतातलं छोटं घुबड. जेम्स डेव्हिडसन यांनी 1880च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये मांडवीला एक मिळवल्याचा दावा केला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तपासल्यावर तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला नमुना निघाला. मांडवीची नोंद बाद झाल्यावर शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना रानपिंगळा जिवंत दिसला. शतकाहून अधिक काळाने! पुढे डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातूनही त्याची नोंद 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे दक्षिण गुजरातेत हा पक्षी खरोखरच आहे. तो दिवसाही दिसतो, आणि विरळ सागवनात बसतो. साध्या पिंगळ्याशी गफलत होऊ नये म्हणून पाठ पाहा: रानपिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळपास नसतात.

डांगची खरी मजा पावसाच्या तोंडावर आहे. नवरंग तेव्हाच शीळ घालतो, आणि ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर पहाटे गातो. वांसदा राष्ट्रीय उद्यान जेमतेम 24 चौरस किलोमीटरचं आहे, पण दाट आहे. तिथे भृंगराजाचा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी मागाहून दिसतो. उकाईच्या जलाशयावर मात्र डिसेंबर-जानेवारीत जावं, पाहुणी बदकं तेव्हा असतात.

एक विनंती. रानपिंगळा दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, आणि घरटं सापडलं तर त्याची जागा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. वनखात्याला मात्र जरूर कळवा.