म्हातारा बैल व कायदा

बेंदराच्या दिवशीं कृष्णा-कोयनेच्या कांठीं बैलास न्हाऊं घालून, शिंगें रंगवून पुरणपोळीचा घास देतात. तोच बैल म्हातारा झाला म्हणजे त्याचें काय करावें, हा प्रश्न मात्र सणाच्या दिवशीं कोणी काढीत नाहीं. मनुष्य व पशु यांच्या संबंधांचा आतां विद्यापीठांत स्वतंत्र अभ्यास होतो. पशूचें स्थान केवळ निसर्गानें नव्हे, तर कायद्यानें व राज्यकारभारानेंही ठरतें, हें त्या अभ्यासाचें एक मुख्य सूत्र होय. याची साक्ष आपल्या गोठ्यांतच मिळते.

१९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, कामाच्या बैलाच्या कत्तलीस बंदी योग्य; परंतु निरुपयोगी बैलांवर ती सरसकट लादणें योग्य नव्हे. १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें हीच वाट धरली. गाईस पूर्ण संरक्षण मिळालें. बैलास मात्र अधिकाऱ्याच्या दाखल्यावर मोकळीक राहिली. पुढें २००५ सालीं गुजरातच्या खटल्यांत सात न्यायमूर्तींच्या पीठानें जुना निर्णय बदलला. बैल थकला तरी शेण व मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी होत नाहीं, असें त्यांतील बहुमत होतें. महाराष्ट्रांत बैलांच्या कत्तलीस पूर्ण बंदी मार्च २०१५ पासून अमलांत आली.

शर्यतीच्या खिल्लारांची गोष्ट निराळी. २०१४ सालीं न्यायालयानें शर्यती क्रूर ठरवून बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्यें अटींसह परवानगी मिळाली, व १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं राज्याचा दुरुस्तीचा कायदा वैध ठरविला. बैल तोच, पण त्याचें सुख कशांत आहे, याविषयीं कायद्याचें मत नऊ वर्षांत पालटलें.

सू डोनाल्डसन व विल किमलिका या कॅनडांतील ग्रंथकारांनीं २०११ सालीं असें प्रतिपादिलें कीं, ज्यांस माणसानें माणसाळविलें त्या जनावरांस समाजाचे घटक मानावें. हें मत सर्वांस पटेल असें नाहीं. तथापि त्यांतून एक व्यवहाराचा प्रश्न निघतो: घटक म्हटल्यावर त्याच्या म्हातारपणाची वैरण कोणीं द्यावी ?

शेणखताचें मोल खरें आहे. पण त्यासमोर वैरण, पाणी, जागा व मजुरी यांचा खर्च मांडला पाहिजे. म्हणून बैल घेतांनाच त्याच्या शेवटच्या वर्षांची तरतूद शेतकऱ्यानें हिशेबांत धरावी. आणि ज्या समाजानें बैलास न मारण्याचा नियम केला, त्यानेंही त्या वैरणीचा वांटा उचलावा. एकट्या गोठ्यावर सर्वांच्या धर्मबुद्धीचा भार टाकणें न्याय्य नव्हे.