आगमनकाळाचे मेज : रंगीत तांदूळ, मीठ व डाळींची सोपी सजावट

नाताळचा सण जवळ येऊ लागला की घरोघरी गव्हाणीची तयारी सुरू होते, अंगणात तारा लागतो आणि स्वयंपाकघरात करंज्यांचा घाणा पडतो. परंतु ज्या मेजाभोवती संपूर्ण कुटुंब रोज एकत्र बसते, त्या जेवणाच्या मेजाकडे बहुधा २४ डिसेंबरच्या सायंकाळपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. मग घाईघाईने बाजारातील प्लास्टिकची फुले आणली जातात. वास्तविक मेजाची सुंदर सजावट घरातील डब्यांतूनच होऊ शकते. त्यासाठी थोडे तांदूळ, मीठ, डाळी, खाण्याचा रंग व चार काचेचे ग्लास एवढेच साहित्य पुरेसे आहे.

मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. तांदूळ हे अन्न आहे. आपण प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागतो; तेव्हा सजावटीच्या हौसेपोटी त्या भाकरीचा अनादर होता कामा नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात अन्नाच्या नासाडीचा संबंध थेट गरिबांच्या ताटाशी जोडला आहे. म्हणून पुढे दिलेली कृती कमीत कमी धान्यात बसविलेली आहे.

चार रविवार, चार ग्लास

आगमनकाळाचा पहिला रविवार हा ३० नोव्हेंबर या संत आंद्रेयाच्या सणाच्या सर्वांत जवळचा रविवार असतो. तेथपासून नाताळपर्यंत चार रविवार येतात. या काळाचा उपासनेचा रंग जांभळा असून तो पश्चात्ताप व तयारी सुचवितो. तिसरा रविवार आनंदाचा रविवार म्हणून ओळखला जातो व त्या दिवशी गुलाबी रंग वापरता येतो. आगमनमाळेतील मेणबत्त्यांचे रंगही यावरूनच आले. अशा माळेची सुरुवात योहान हिन्‍रिख विखर्न या प्रोटेस्टंट पाळकाने १८३९ साली जर्मनीतील हांबुर्ग शहरात अनाथ मुलांसाठी केली. नाताळ किती दिवसांवर आला हे त्या मुलांना मेणबत्त्या मोजून कळत असे. पुढे ही प्रथा कॅथलिक घरांतही रुजली.

आपल्या मेजावर याच क्रमाने चार ग्लास ठेवावेत : जांभळा, जांभळा, गुलाबी व पुन्हा जांभळा. दर रविवारी एक नवा ग्लास मांडावा. नाताळच्या पूर्वसंध्येस मध्यभागी पाचवा, शुभ्र मिठाचा ग्लास ठेवावा.

तांदूळ रंगविण्याची कृती

शक्यतो कणी किंवा डब्याच्या तळाशी राहिलेले, टोके लागलेले जुने तांदूळ घ्यावेत. ते उन्हात पसरून व चाळून स्वच्छ करावेत.

१. घट्ट झाकणाच्या बरणीत एक कप (सुमारे २०० ग्रॅम) तांदूळ घ्यावेत.

२. एक चहाचा चमचा व्हिनेगरमध्ये खाण्याचा रंग कालवावा. पातळ रंग असल्यास आठ-दहा थेंब, पूड असल्यास पाव चमचा पुरते. जांभळा रंग तयार मिळाला नाही तर लाल व निळा मिसळावा. गुलाबीसाठी लाल रंग अगदी थोडा घ्यावा.

३. हे मिश्रण तांदळावर ओतून, झाकण लावून बरणी एक-दोन मिनिटे चांगली हलवावी. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे रंग दाण्याला चांगला धरतो.

४. तांदूळ ताटात पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली वाळवावेत. ओलसर तांदूळ भरल्यास त्यांना बुरशी येते.

रांगोळीचे, होळीचे अथवा कापड रंगविण्याचे रंग वापरू नयेत. लहान मुलांचे हात तोंडात जातातच, हे विसरून चालणार नाही.

बाजारचा रंग नको असेल तर जांभळा कोबी उपयोगी पडतो. पाव कोबी चिरून दोन कप पाण्यात पंधरा मिनिटे उकळावा व पाणी गाळून थंड करावे. हे पाणी जांभळे असते. त्यातील थोडे वेगळे काढून लिंबू पिळले की ते गुलाबी होते. म्हणजे एकाच कोबीतून आगमनकाळाचे दोन्ही रंग मिळतात. या पाण्यात तांदूळ तासभर भिजवून निथळावेत व सावलीत पूर्ण वाळवावेत. हा रंग फिका येतो व उजेडाने उडतो, म्हणून असे ग्लास खिडकीपासून दूर ठेवावेत.

मीठ व डाळी

मिठाला पाणी चालत नाही, ते विरघळते. शुभ्र ग्लासासाठी मीठ आहे तसेच वापरावे. मिठागरातील खडे मीठ दिसावयास सुंदर असते, पण त्यातील मॅग्नेशियमचे क्षार हवेतील दमटपणा ओढून घेतात. किनारपट्टीवरील घरांत ते लवकर पाझरते. त्यामुळे शुद्ध केलेले बारीक मीठ बरे. मीठ धातूच्या भांड्यात ठेवू नये, भांडे गंजते.

डाळींना तर रंगाची गरजच नाही. केशरी मसूर, हिरवे मूग, काळे उडीद व तांबडा राजमा यांचे थर एकावर एक भरले की बरणी आपोआप खुलते. त्या वेगवेगळ्या भरून ठेवल्यास सणानंतर निवडून स्वयंपाकात वापरता येतात.

मांडणी

मोठ्या काचेच्या ग्लासात एक लहान ग्लास ठेवावा. दोहोंमधील पोकळीत रंगीत तांदूळ भरावेत व मेणबत्ती आतल्या ग्लासात उभी करावी. असे केल्याने तांदूळ सुमारे निम्मे लागतात व ज्योतही दाण्यांपासून दूर राहते. ग्लासांभोवती सुरूची हिरवी डहाळी ठेवता येईल. मात्र वाळलेली सुरू चटकन पेट घेते, म्हणून ती दर आठवड्याला बदलावी आणि जळती मेणबत्ती सोडून कोणी उठून जाऊ नये. तीन वर्षांखालील बालके नाका-कानात दाणे घालतात. त्यांना बरणी हलविण्याचे काम द्यावे, दाणे भरण्याचे नव्हे. आजी-आजोबांनी थर भरावेत, मुलांनी रंग मिसळावेत. अशा रीतीने एका संध्याकाळी संपूर्ण घर कामाला लागते.

एक सूचना. ही सजावट घरच्या मेजासाठी आहे. आगमनकाळात वेदीवरील फुलांची सजावट साधी असावी, नाताळचा पूर्ण आनंद आधीच प्रकट करू नये, असे रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत (क्रमांक ३०५) म्हटले आहे. हेच तत्त्व घरालाही शोभते. पहिल्या रविवारी एकच ग्लास ठेवून थांबणे मुलांना जड जाईल, परंतु वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना त्या रिकाम्या जागांवरूनच उमगेल.

सणानंतर

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळकाळ संपतो. त्यानंतर रंगीत तांदूळ बरणीत बंद करून, ‘खाण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी लावून पुढील वर्षासाठी ठेवावेत. खराब झाल्यास कंपोस्ट खड्ड्यात टाकावेत. मीठ झाडांच्या बुंध्याशी टाकू नये, मुळे मरतात.

शेवटी आणखी एक बरणी. रंगीत ग्लासांशेजारी एक साधी, रिकामी बरणी ठेवावी. रोज भात शिजविण्यापूर्वी चांगल्या तांदळाची एक मूठ तीत टाकावी. आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा असतो. तेवढ्यात सुमारे किलोभर तांदूळ सहज जमतात. नाताळच्या आदल्या दिवशी ते शेजारच्या एखाद्या गरजू घरी मुलांच्याच हातून पोहोचवावेत. मेजावरील चार ग्लास पाहुण्यांच्या नजरेत भरतील. ही पाचवी मूठभर-मूठभर भरलेली बरणी मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी मेजावर नाताळ घेऊन जाईल.