राणीछाप रुपया : झिजलेला आणि घासलेला

बसून बोलतो, गुडघे आता फार वेळ उभं राहू देत नाहीत. आणि एक आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, नाणेशास्त्र नाही. नाण्यांचा नाद मात्र चाळीसेक वर्षांचा आहे, आणि नादापायी माणूस जेवढं शिकतो तेवढं पगारापायी शिकत नाही.

दोन महिन्यांपूर्वी एक बाई घरी आल्या. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, आत सासूबाईंची रुपयांची माळ. अकरा राणीछाप रुपये, प्रत्येकाला वर कडी झाळलेली, काळ्या गोफात ओवलेले. म्हणाल्या, "सर, मुलाची फी भरायचीय. मोबाइलवर बघितलं, एकेका नाण्याला लाखभर मिळतात म्हणे. कड्या काढून, नाणी घासून आणू का?" मी म्हटलं, ताई, आधी कशालाही हात लावू नका. आजचं बोलणं त्या प्रश्नावरूनच सुचलं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या देवघरात असा एखाद-दुसरा रुपया असतो, म्हणून.

मराठवाड्यात हा इंग्रजी रुपया जरा पाहुणाच. आपण निजामाच्या मुलखातले. इथला रुपया हाली. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजांचा तो कलदार, म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. इथून गाडीत बसून मनमाडला उतरलं की कलदाराचा मुलूख सुरू व्हायचा. देवघेवीत साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब असे. हा भाव कुणाच्या लहरीवर ठरलेला नव्हता, चांदीच तेवढी होती. कलदाराचं वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध. चारमिनारवाला हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे ९.१४ ग्रॅम. करा भागाकार. जवळपास सात-सहाचंच प्रमाण येतं. आपल्या आज्या-पणज्यांना हा भागाकार येत नव्हता, पण साठवायचा तर कलदार साठवावा एवढं पक्कं ठाऊक होतं. म्हणून हालीच्या मुलखातही मडक्यांत कलदार सापडतो.

आणि तो मडक्यातच का राहिला? दुसऱ्या महायुद्धात सरकारला चांदी हवी होती. १९४० पासून नव्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली, आणि १९४१ ते १९४३ या काळात आधी राणीचे, मग एडवर्डचे, मग पंचम जॉर्जचे जुने रुपये चलनातून काढून घेतले. ज्यांनी परत केले त्यांचे वितळले. आज जे हातात येतात ते बहुतेक परत न केलेले. थोडक्यात, राणीछाप रुपया जुना आहे पण दुर्मिळ नाही. तो कोट्यवधींच्या संख्येनं पाडला गेला होता. मग एकाला चांदीचा भाव येतो आणि दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट, असं का? कधी सालामुळे. १९३९ चा रुपया खरोखरच कमी आहे. १९११ चा पंचम जॉर्जचाही कमी सापडतो. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे, तो त्या वर्षी असा उमटला की लोकांना डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड मिळाली. पण बहुतेक वेळा फरक पडतो तो अवस्थेमुळे. नाणं कोणत्या अवस्थेत आहे, हा खरा प्रश्न.

आता अवस्था म्हणजे काय? संग्राहकांची एक उतरंड आहे : फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन, आणि सगळ्यांत वर यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेलं. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० असे गुण देण्याची पद्धत काढली. आज प्लॅस्टिकच्या डबीत बंद होऊन येणाऱ्या नाण्यांवर तेच आकडे असतात. लोकांना वाटतं ७० म्हणजे काहीतरी वैज्ञानिक मोजमाप. मुळात तो किमतीचा हिशेब होता. जुन्या तांब्याच्या सेंटचं अगदी रद्दड नाणं एक डॉलरला, तर उत्तम नाणं सत्तर डॉलरला, असा. भाव बदलले, आकडे तसेच राहिले.

आणि फाइन कुठे संपतं, व्हेरी फाइन कुठे सुरू होतं? माझ्यातला मास्तर इथे जागा होतो. ग्रीकांचा एक जुना कूटप्रश्न आहे. खळ्यावर ज्वारीची रास आहे. एक दाणा काढला तरी रास रासच राहते. आणखी एक काढला तरी राहते. मग रास नेमकी कोणत्या दाण्याला संपली? राणीच्या गालावरची चांदी अशीच कणाकणानं जाते. दोन जाणकार एकाच नाण्याला दोन पायऱ्या देतात तेव्हा त्यातला एक लबाडच असतो असं नाही. सीमारेषा धूसर आहे म्हणून दोन टोकं एकच, असंही नाही. आणि आपलं स्वतःचं नाणं आपल्याला नेहमी एक पायरी वर दिसतं. मला अजून दिसतं. त्यावर एकच उपाय सापडला : आपलं नाणं दुसऱ्याचं आहे आणि तो आपल्याला विकायला आलाय, असं समजून बघायचं.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटलेली ओळ कुठल्या संग्राहकाची नाही, कायद्याची आहे. १९०६ चा नाण्यांचा कायदा सांगायचा की रुपया ठरल्या वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक घटला नसेल आणि विद्रूप केलेला नसेल तर तो चालेल. विद्रूप करणं म्हणजे कातरणं, कानशीनं घासणं, ठसा मारणं, किंवा वाजवी झिजेपासून सहज वेगळा ओळखू येईल असा कोणताही बदल. वाजवी झीज! वापरानं झिजला तर रुपयाचा गुन्हा नाही. हजार हातांतून फिरणं हेच त्याचं काम होतं. पण कुणी मुद्दाम त्याच्या अंगावरून काही काढलं, तर ती गोष्ट वेगळी. दोन्हींत चांदीच जाते. कधी कधी झिजेत जास्तच जाते. तरी तो कायदा झिजेला माफ करायचा, घासण्याला करत नसे. संग्राहकाची नजरही नेमकी तशीच आहे. झिजलेलं नाणं खालच्या पायरीवर उतरतं, पण उतरंडीत राहतं. घासलेलं नाणं उतरंडीबाहेरच जातं.

हे मी शिकलो ते फार महागात. आमच्या आजीकडे, पैठणजवळच्या गावी, १८३५ चा एक रुपया होता. चौथ्या विल्यमचा, डोक्यावर मुकुट नसलेला. कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकसारखे रुपये सुरू झाले त्या पहिल्या वर्षाचा. रंगानं निळसर-काळा. मी एम. ए.ला होतो. दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी तो माझ्याकडे दिला, आणि मी दंतमंजन घेऊन अर्धा तास घासला. आरशासारखा चमकला. वडील म्हणाले, "वा, बंदा रुपया!" पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रदर्शनात मोठ्या ऐटीत तो एका म्हाताऱ्या संग्राहकापुढे धरला. त्यांनी दोन बोटांनी कडेनं उचलला, दिव्याखाली तिरपा केला, एकदाच फिरवला आणि माझ्या तळहातावर परत ठेवला. "घासलाय." एवढंच बोलले. छापाचे उठाव चांगले शाबूत होते हो त्याचे. विल्यमच्या कपाळावरची बट अन् बट दिसत होती.

त्यांनी काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही पाहता येईल. खिडकीचा उजेड चालेल, पण एका बाजूनं येणारा दिवा उत्तम. नाणं कडेनं धरा, तिरपं करा, सावकाश फिरवा. टाकसाळीत ठसा दाबताना धातू किंचित वाहतो, त्याच्या बारीक रेषा मध्यापासून काठाकडे जातात. न फिरलेल्या नाण्यावर त्यामुळे उजेडाची पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी गरगर फिरते. थोड्या वापरलेल्या नाण्यात ही फिरती झळाळी फक्त अक्षरांच्या आडोशाला उरते. घासलेलं नाणं सगळीकडे चमकतं, पण ती पट्टी काही फिरत नाही. भिंगातून बघितलं तर मोकळ्या जागेत केसासारखे ओरखडे दिसतात, सगळे एकाच दिशेनं. राखुंडी, रांगोळी, दंतमंजन, सगळ्यांचा परिणाम तोच. आणि तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकानं चांदीवर सावकाश धरलेला तो थर आहे. तो घालवला की वरची चांदीही थोडी जाते.

खरी झीज कुठे बघायची? जे सगळ्यांत उंच, ते आधी झिजतं. राणीच्या रुपयावर गाल, कानावरचे केस, मुकुटाचे कंगोरे, आणि पोशाखावरची नक्षी. नक्षी सपाट झाली पण केस वेगवेगळे दिसतात, म्हणजे मधली पायरी. पंचम जॉर्जच्या रुपयावर तोच हत्ती कामाला येतो. तो नुसता गोळा दिसत असेल तर नाणं भरपूर फिरलंय. १८६२ सालाचं नाणं हाती आलं तर मागच्या बाजूला सालाच्या आसपासचे बारीक ठिपके भिंगातून शोधा. ते साल १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं, आणि पाडल्याचं खरं वर्ष मुंबईच्या टाकसाळीच्या नाण्यांवर त्या ठिपक्यांवरून लागतं. झिजेत ठिपका गेला की नाण्याची जन्मतारीखच गेली. एक मात्र ध्यानात ठेवा. ही नजर कलदाराची. आपल्या शहराच्या मोगल टाकसाळीची, खुजिस्ता बुनियादची नाणी किंवा जुना हातानं पाडलेला हाली यांना ती लावू नका. तिथे ठसा नाण्याहून मोठा असे, त्यामुळे अर्धी अक्षरं मुळातच उमटलेली नसतात. त्याला झीज म्हणता येणार नाही.

खोट्या नाण्यांबद्दल दोनच शब्द. सोनाराच्या काट्यावर वजन करा. कलदार ११.४३ ग्रॅमच्या खाली असेल तर तो कायद्याच्या दोन टक्क्यांच्याही पलीकडे गेलाय, कारण शोधा. चुंबकाला चिकटला तर विषयच संपला. काठाचे दाते एकसारखे हवेत. आणि ईस्ट इंडिया कंपनीचं, मारुतीचं किंवा रामपंचायतनाचं, तांदूळ ओढून घेणारं नाणं कुणी दाखवलं तर चहा पाजून वाटेला लावा. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलेलं नाही. त्यापायी लोकांनी शेतं गहाण टाकलेली आहेत.

साठवणीचंही विचारतात. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या नकोत, त्या हिरवट चिकटा सोडतात. रबरबँड तर मुळीच नको, त्यात गंधक असतं. हळदकुंकू चिकटलं असेल तर साध्या शुद्ध पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ कापडावर टिपून घ्या. टिपा, पुसू नका. पूजा करायची तर खुशाल करा, पण एक नाणं पूजेचं ठरवून टाका, बाकीच्यांना सुटी द्या. वाडा पाडताना मडकं निघालं तर १८७८ चा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं लेकीसाठी अमेरिकेला नेता येत नाही, तेवढं ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी ऐकून ठेवा.

त्या बाईंची माळ मी अर्धा दिवस पाहिली. अकराही रुपये खरे. दहा अगदी नेहमीचे, १८७७ नंतरचे, ज्यांवर राणीची सम्राज्ञी झालेली आहे. एक १८४० चा, छान राखलेला. पण प्रत्येकाच्या काठावर झाळकामाचा गोळा. कडी काढली तरी तो व्रण राहणार, घासला तर आणखी दिसणार. मी सांगितलं की संग्राहक चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त देणार नाही, आणि सुटे करण्यापेक्षा माळ अखंड असलेली बरी. निदान ती कुणाची तरी माळ आहे. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग मोबाइलवर खोटं लिहितात का?" मी म्हटलं, ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नसते. त्यांनी परत रुमाल बांधला. १८४० चा रुपया आधी आत ठेवला, जरा वेगळा, कोपऱ्यात. फीचं पुढे काय झालं ते मला विचारवलं नाही.

बरं. कुणी नाणी आणली असतील तर पुढच्या टेबलावर मखमल अंथरली आहे. चहा झाल्यावर, हात धुऊन, कोरडे करून या. आणि कडेनं धरा बरं का.